सोलापूरचा पाऊस कोणत्या विषयात येतो?

जुलैतल्या एखाद्या दुपारी सोलापुरात वर पाहा. पश्चिमेकडून काळे ढग येतात, सिद्धेश्वर तलावावर सावली धरतात आणि न बरसताच पुढे निघून जातात. महाबळेश्वर येथून सरळ रेषेत सुमारे २४० किलोमीटरवर आहे. तेथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांवर पाऊस पडतो, आपल्या वाट्याला जेमतेम साडेपाचशे. आपण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत राहतो, हे तुम्ही भूगोलात शिकला आहात. पण ढग डोक्यावर असूनही तो बरसत का नाही, हा प्रश्न शाळेत कोणत्या तासाला विचारायचा?

प्रथम थोडे गणित करू. ढगातील पाण्याच्या एका कणाची त्रिज्या साधारणपणे ०.०१ मिलिमीटर असते. पावसाच्या चांगल्या टपोऱ्या थेंबाची त्रिज्या १ मिलिमीटर धरा. त्रिज्या शंभरपट झाली म्हणजे घनफळ १००×१००×१००, म्हणजेच दहा लाख पट झाले. एक थेंब तयार होण्यासाठी ढगातील दहा लाख कण एकत्र यावे लागतात! शिवाय हा इवला कण स्थिर हवेत सेकंदाला फार तर एक सेंटिमीटर खाली येतो. ढगातील वर चढणारी हवा त्याला सहज उचलून धरते. कण लहानमोठे असले तर मोठा कण वेगाने पडतो, वाटेतल्या लहानांना गिळतो आणि वाढत जातो. सगळेच कण सारखे आणि बारीक असले, तर कोणी कोणाला गाठत नाही. हवेत धूळ व धूर फार असला म्हणजे नेमके हेच होते. तेच बाष्प असंख्य कणांवर वाटले जाते आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडेथोडे पाणी येते.

येथवर पदार्थविज्ञान झाले. आता रसायनशास्त्राकडे वळू. कॅल्शियम क्लोराइड उघड्यावर ठेवले तर हवेतील ओलावा ओढून पाझरू लागते, हे तुम्ही प्रयोगशाळेत पाहिले असेल. अशा क्षाराचे सूक्ष्म कण ढगाच्या तळाशी सोडले, तर त्यांच्यावर मोठे जलकण बनतील आणि गिळण्याचे काम लवकर सुरू होईल. कृत्रिम पावसाच्या एका पद्धतीमागील कल्पना ही एवढीच आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूर परिसरात हा प्रयोग केला. दोन विमाने, रडार आणि जमिनीवरील स्वयंचलित पर्जन्यमापके असा मोठा सरंजाम होता.

खरी अडचण पुढेच आहे. विमान गेले आणि पाऊस पडला. तो विमानामुळे पडला की तसाही पडणारच होता? याचे उत्तर ना पदार्थविज्ञानाकडे, ना रसायनाकडे. ते संख्याशास्त्राकडे आहे. म्हणून कोणत्या ढगात क्षार सोडायचे आणि कोणता ढग तसाच ठेवायचा, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक पद्धतीने ठरवले गेले. असे २७६ ढग अभ्यासले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की वाऱ्याच्या दिशेने पुढच्या १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात पाऊस सरासरी सुमारे १८ टक्क्यांनी वाढला. वर्तमानपत्राचा मथळा वाचून हुरळून जाऊ नका. दहा मिलिमीटर पडायचा तेथे सुमारे बारा पडला, इतकाच याचा अर्थ. आकाशात ढगच नसेल तर शून्याचे १८ टक्के शून्यच.

एका प्रश्नासाठी चार विषय लागले. अशा प्रश्नांसाठी मोठ्या विद्यापीठांत आंतरविद्याशाखीय पदव्या असतात. पुण्याचे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले, २०१४ पासून ते सावित्रीबाई फुले यांच्या नावाने ओळखले जाते. तेथे वातावरण व अवकाश विज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. पदवीनंतरच्या अशा अभ्यासक्रमात ढगांचे पदार्थविज्ञान, हवेच्या प्रवाहाचे गणित, उपग्रहांवरून मिळणारी माहिती आणि संगणकावर हवामानाचा अंदाज बांधणे, हे सारे एका छताखाली येते. जागाही मोक्याची आहे. ती उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था तेथून जवळच पाषाणला. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्यास आले होते. ते पुढे दिल्लीस गेले, तरी शिवाजीनगरच्या इमारतीला लोक अजून ‘शिमला ऑफिस’ म्हणतात.

तुमच्या घरी मात्र एक शंका निघेल, आणि ती मला रास्त वाटते: “ना धड पदार्थविज्ञान, ना धड भूगोल; पोराला नोकरी कोण देणार?” ज्याने चार विषयांची नुसती तोंडओळख करून घेतली, त्याची पंचाईत होते, हे मी पाहिले आहे. म्हणून माझे मत असे, की आधी एका विषयात पाय घट्ट रोवावेत आणि मग कुंपण ओलांडावे.

अण्णा मणी यांचेच पाहा. १९३९ साली त्यांनी मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून पदार्थविज्ञान व रसायन घेऊन पदवी मिळवली. पुढे बंगळूरला रामन यांच्या प्रयोगशाळेत हिऱ्यांच्या वर्णपटांवर संशोधन केले. एम.एस्सी. नाही म्हणून विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. नाकारली. १९४८ साली त्या पुण्याच्या हवामान खात्यात आल्या आणि जवळजवळ शंभर हवामानमापक उपकरणांचे आराखडे त्यांनी प्रमाणित करून घेतले. हवामानशास्त्राची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. मोजमापाची शिस्त मात्र पदार्थविज्ञानातून पक्की आली होती.

आता कामाची गोष्ट. अशा विभागांत मुले अडखळतात ती ढगांवर नव्हे, तर प्रवाही पदार्थांच्या गतीच्या समीकरणांवर आणि संगणकाच्या आज्ञावलीवर. इंग्रजीची भीती सहा महिन्यांत जाते. कलनशास्त्राची कच्ची बाजू इतक्या लवकर भरून निघत नाही. प्रवेशाच्या अटी बदलत असतात, म्हणून त्या त्या वर्षीचे माहितीपत्रक स्वतः वाचावे. तो विचार बारावीनंतर पदवीच्या शेवटच्या वर्षाला करायचा. अकरावीत गणित ठेवायचे की सोडायचे, हे मात्र तुम्हाला दहावीचा निकाल लागल्यावर लगेच ठरवावे लागेल.