रंगांचे हस्तांतर

जुन्या मराठी सनदांत गाव इनाम देताना लेखक केवळ जमिनीचा उल्लेख करून थांबत नसे. जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप अशी जमिनीबरोबर जाणारी एकेक गोष्ट तो नावानिशी नोंदवी, कारण जे दस्तऐवजात लिहिलेले नाही त्यावर पुढे हक्क सांगणे कठीण, हे तो जाणून होता. एखाद्या वस्तूचा आराखडा कॅड प्रणालीत तयार करून, तिचे हुबेहूब छायाचित्रासारखे चित्र काढण्यासाठी तो रेंडरिंग प्रणालीत नेताना जी फसगत होते, तिचे मूळ याच दक्षतेच्या अभावात आहे: आकार सुखरूप पोहोचतो, आणि त्याचे रंग व द्रव्य वाटेत गळून पडतात.

घरातला प्रेशर कुकर घ्या. अभियंता त्याच्या भांड्याला ‘ॲल्युमिनियम’ असे द्रव्य लावतो तेव्हा त्याच्या मनात घनमीटरला सुमारे २७०० किलोग्रॅम ही घनता आणि दाब सोसण्याची ताकद असते. चित्र काढणाऱ्याला मात्र त्याच शब्दातून पृष्ठभाग किती खरखरीत आहे आणि त्यावर पडलेला प्रकाश कसा परततो, एवढेच हवे असते. त्यामुळे अभियंत्याची नोंद अक्षरशः जशीच्या तशी पोहोचली, तरी चित्रकाराच्या हाती उपयोगाचे फारसे काही लागत नाही.

त्यात फाइलीचा प्रकार आडवा येतो. एसटीएल ही केवळ त्रिकोणांची यादी. तिच्या प्रमाण रूपात रंगासाठी रकानाच नाही. ओबीजे प्रकारात द्रव्यांचा तपशील एमटीएल नावाच्या जोडफाइलीत राहतो, आणि ती सोबत धाडायची राहिली की अख्खा कुकर करडा होऊन उभा राहतो. स्टेप या आंतरराष्ट्रीय प्रमाणाच्या २०३ क्रमांकाच्या नियमावलीत, १९९४ च्या पहिल्या आवृत्तीत, रंगाला स्थान नव्हते; ते पुढे २१४ क्रमांकाच्या नियमावलीने दिले. फाइल काढताना हा क्रमांक निवडण्याची मुभा अनेक प्रणाली देतात, आणि घाईत तिकडे कोणी पाहत नाही.

रंग पोहोचला तरी तो फिका दिसण्याचा संभव असतो. पडद्यावरच्या रंगांच्या मापात १२८ हा आकडा २५५ च्या जवळजवळ निम्मा आहे, परंतु प्रत्यक्ष प्रकाशाच्या हिशेबात तो सुमारे २२ टक्केच भरतो. हे रूपांतर न करता आकडा तसाच उचलला, तर गडद मरून रंगही धुवट होऊन उमटतो.

या साऱ्यावर अनुभवी कारागीर जो तोडगा काढतात तो मला मोठा शहाणपणाचा वाटतो. कॅडमधला रंग ते रंग म्हणून मानतच नाहीत; त्याला केवळ ओळखीची खूण समजतात. कुकरची दांडी बॅकेलाइटची आणि झाकणातली गॅस्केट रबराची, दोन्ही काळ्याच. आराखड्यातही दोन्ही काळ्या ठेवल्या, तर रंगावरून गट पाडणारी रेंडरिंग प्रणाली त्यांना एकच द्रव्य समजते, आणि रबराला बॅकेलाइटची चकाकी चढते. म्हणून दांडीला मुद्दाम जांभळा, गॅस्केटला पोपटी असे परस्परांशी न जुळणारे रंग द्यावेत, द्रव्यांना स्पष्ट नावे द्यावीत, आणि पलीकडे गेल्यावर जांभळ्याच्या जागी एकदाच खरे बॅकेलाइट बसवावे. आराखडा दहा वेळा बदलून आला, तरी नावे कायम राहिल्यास हे काम बहुधा पुन्हा करावे लागत नाही.

आणि रंग गेले कोठे, याचा तपास रेंडरिंग प्रणालीत तासन्‌तास करण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य करावी. स्टेप फाइल साध्या मजकुराची असते. ती नोटपॅडमध्ये उघडून ‘कलर’ हा शब्द ब्रिटिश वर्णलेखनाप्रमाणे, म्हणजे ‘यू’ या अक्षरासह, शोधावा. तो सापडला नाही, तर रंग फाइलीत उतरलेलेच नाहीत. ती कॅडमधून पुन्हा काढून घ्यावी.