सेल्फ काय म्हणतोय, ऐका तर!

बालमित्रांनो, बिघडलेली गाडी आपलं दुखणं स्वतःच सांगते, हे ठाऊक आहे का तुम्हांला? हसू नका! मलाही ते कळलं आमच्या शाळेतल्या एका मुलीमुळे.

गेल्या वर्षीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा दिवस. पॅड, कंपासपेटी आणि डबा घेऊन आमची आठ मुलं सकाळी देवळासमोर हजर. केंद्र तालुक्याला, 18 किलोमीटरवर. पहाटेची एस.टी. केव्हाच गेलेली. सगळी भिस्त गावातल्या एका काकांच्या जुन्या डिझेल जीपवर.

काकांनी चावी फिरवली. ‘टक्!’ बस्स, पुढे काही नाही. पुन्हा चावी, पुन्हा ‘टक्!’ जीप ओट्याला नाक लावून उभी, मागे चढ. धक्का मारायचीही सोय नव्हती.

“सेल्फ गेला, बाई,” काका कपाळाला हात लावून म्हणाले. “नवीन टाकायचा म्हणजे काही हजारांना खड्डा. आणि आज तर काही होणं नाही.”

मुलांचे चेहरे रडवेले झाले. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बाई, काका चावी फिरवतात ना, तेव्हा हा वरचा दिवा विझतो.”

काका थांबले. “अगं, मग दुखणं वेगळंच दिसतंय!” असं म्हणत त्यांनी बॉनेट उघडलं. बॅटरीच्या एका टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड साचली होती आणि पट्टी हातानं हलत होती. काकांनी ती सोडवली, सोडा घातलेल्या गरम पाण्यानं धुतली, कोरडी करून काचकागदानं घासली, पुन्हा बसवून पान्यानं आवळली. चावी फिरवली आणि... घुर्रर्र! जीप चालू! मुलं वेळेत वर्गात बसली, आणि नवा सेल्फ घ्यावाच लागला नाही.

पण दिव्याचा आणि सेल्फचा संबंध काय? सांगते.

सेल्फ म्हणजे स्टार्टर मोटर. इंजिन आपणहून सुरू होत नाही, आधी ते कुणीतरी फिरवावं लागतं. पूर्वी पुढून लोखंडी हँडल घालून फिरवत. इंजिननं उलटा झटका दिला, तर मनगट मोडायचं! अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग या इंजिनिअरनं विजेचा स्टार्टर तयार केला आणि 1912 च्या कॅडिलॅक गाड्यांत तो बसला. त्याआधी त्यानं दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्रासाठी छोटी मोटर केली होती. थोडाच वेळ फिरायचं, पण जोर मोठा लावायचा, हे त्या मोटरीचं काम. तीच युक्ती इथेही चालली.

चावी फिरवली की बारीक वायरीतून थोडी वीज सोलेनॉइडला जाते. सोलेनॉइड म्हणजे एक विद्युतचुंबक. तो ‘टक्’ करून दोन कामं करतो : सेल्फचं छोटं दातेरी चाक इंजिनच्या मोठ्या चाकात अडकवतो आणि जाड वायरीतून मोटरला वीज सोडतो. छोटं चाक दहा-पंधरा फेरे घेतं, तेव्हा मोठं चाक एकदा फिरतं.

आता गंमत बघा. गाडीच्या पुढच्या दोन दिव्यांना साधारण 10 अँपिअर वीज पुरते. सेल्फला मात्र 100 हून जास्त लागते, डिझेल गाडीला तर त्याच्याही पुढे. शाळेचं फाटक अर्धंच उघडं असेल, तर एकेक मूल सहज बाहेर पडतं. पण सुटीची घंटा झाली की तिथेच चेंगराचेंगरी! घाण झालेलं टर्मिनल म्हणजे तसं अर्धवट उघडं फाटक. दिवा लागतो, पण सेल्फनं वीज मागितली की सगळंच अडतं.

म्हणून गाडी अडली की आधी दिवे लावा, मोठ्यांना चावी फिरवायला सांगा आणि कान देऊन ऐका.

‘टकटकटक’ असा आवाज आणि दिवे मंद : बहुधा बॅटरी उतरली आहे. चुंबक ओढतो, वीज कमी पडते, सुटतो, पुन्हा ओढतो.

एकच ‘टक्’ आणि दिवे मंद : टर्मिनल, अर्थिंगची वायर आणि बॅटरी बघा.

एकच ‘टक्’, पण दिवे लखलखीत : वीज मोटरपर्यंत नीट जात नाही, किंवा मोटरीतले कार्बन झिजले आहेत. आता मेकॅनिककाका हवेत.

काहीच आवाज नाही, दिवे लखलखीत : फ्यूज, चावीचा स्विच किंवा बारीक वायर. काही गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही, तेही बघा.

नुसतंच ‘घूंऽऽ’ : मोटर फिरतेय, पण दातेरी चाक अडकत नाही. हेही गॅरेजचंच काम.

घरी मल्टिमीटर असेल तर आणखी छान. गाडी बंद असताना चांगली भरलेली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना आकडा 10 च्या बराच खाली आला, तर बॅटरी अशक्त समजा.

आणि हो, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. बॅटरीला मोठी माणसं जवळ असल्याशिवाय हात लावायचा नाही. गाडी न्यूट्रलला हवी, हँडब्रेक ओढलेला हवा. बॅटरीत सल्फ्युरिक अ‍ॅसिड असतं आणि तिच्यातून पेट घेणारा हायड्रोजन निघतो, म्हणून काडी नाही, उदबत्ती नाही. ती पूड नुसत्या हातानं पुसायची नाही. अंगठी-कडं काढून ठेवायचं. सोडवताना आधी वजा (–) टर्मिनल, जोडताना ते शेवटी. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडायचा उद्योग तर मुळीच नको! आणि सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारायचा नाही. मधे मिनिटभर थांबायचं, नाहीतर मोटर तापून खरोखरच जळेल.

त्या दिवशी परत येताना काका त्या मुलीला म्हणाले, “पोरी, तीस वर्षं गाडी चालवतोय, पण ‘सेल्फ गेला’ म्हणून मोकळा झालो. तू मात्र बघितलंस.”

गणित अडलं की आपणही असंच म्हणतो ना, “मला गणितच येत नाही”? अरे, सगळं गणित कुठे बिघडलंय? कुठली तरी एकच पायरी सैल असेल. ती शोधा, घासूनपुसून घट्ट करा आणि पुन्हा चावी फिरवा!