भिंगार : लढाई, दर्गा आणि दमडीची मशीद

कुठे? अहिल्यानगर शहराला पूर्वेकडून लागून. लष्करी छावणीचे गाव.

१४९० : २८ मे रोजी मलिक अहमदने जहांगीर खानाच्या बहमनी फौजेचा भिंगारजवळ पराभव केला. निजामशाहीचा पाया इथे पडला. विजयाच्या जागी बाग निजाम उभी राहिली, तर १४९४ मध्ये सीना नदीकाठी अहमदनगर शहराची उभारणी सुरू झाली.

भुईकोट किल्ला : भिंगारच्या शेजारीच. आजची दगडी तटबंदी हुसेन निजामशाहच्या काळातली (१५५९–६२). १८०३ च्या ऑगस्टमध्ये किल्ला इंग्रजांनी घेतला. १९४२ ते ४५ या काळात जवाहरलाल नेहरू इथेच कैदेत होते.

दमडी मशीद : किल्ल्याच्या पूर्वेला, १५६७ मधली. साहिर खानाने बांधलेली. आकाराने लहान, पण दगडातले कोरीवकाम अप्रतिम. किल्ल्यावर राबणाऱ्या मजुरांनी एकेक दमडी बाजूला टाकून ती उभारली, असे लोक सांगतात.

आलमगीर दर्गा : दख्खन जिंकायला आलेला औरंगजेब ३ मार्च १७०७ रोजी भिंगारजवळच्या छावणीत वारला, वयाच्या ८८ व्या वर्षी. कबर मात्र खुलताबादला. इथे उरली ती त्याच्या मृत्यूची आठवण सांगणारी जागा.

शुक्लेश्वर : गावातले महादेवाचे मंदिर. परंपरा भिंगारचा संबंध भृगू ऋषींशी जोडते.

जवळपास : निजामशाही काळातला फराहबाग महाल (१५८३) आणि रणगाडा संग्रहालय. दोन्ही एकाच फेरीत पाहून होतात.