ओयदिपौसचा दुसरा नंबर!

शोकांतिका कशी असावी हे सांगताना अ‍ॅरिस्टॉटल पुन्हापुन्हा ज्या नाटकाकडे वळतो, ते सोफोक्लीसचं 'राजा ओयदिपौस' अथेन्सच्या नाट्यस्पर्धेत चक्क हरलं होतं! पहिलं बक्षीस पटकावलं नाटककार एस्किलसच्या भाच्याने, फिलोक्लीसने. त्याचं एकही नाटक आज शिल्लक नाही.

निकालातही दैवाचा हात असेच. डायोनिसस देवाच्या उत्सवातल्या या स्पर्धेत तीन शोकांतिकाकार उतरत. प्रत्येकाच्या तीन शोकांतिका आणि वर एक धमाल 'सॅटिर' नाटक. परीक्षक दहा, तेही चिठ्ठ्या टाकून निवडलेले. त्यांची सगळी मतं मोजलीच जात असं नाही. कोणती मोजायची, तेही चिठ्ठीवरच.

ओयदिपौस बापाला मारणार, आईशी लग्न करणार, हे प्रेक्षकांना घरूनच माहीत असे. मग बघायचं काय? तो ते शोधून कसं काढतो, हे! नाटक सुरू होतं तेव्हा भाकीत खरं होऊन वर्षं लोटली आहेत. थीब्जमध्ये साथ पसरली आहे आणि जुन्या राजाचा खुनी सापडल्याशिवाय ती हटणार नाही. राजा तपासाला लागतो. आंधळा द्रष्टा टायरेसिअस आधी तोंडच उघडत नाही. राणी योकास्टा विनवते, आता पुरे. म्हातारा मेंढपाळ गयावया करतो. हा गडी थांबत नाही. कोरिंथचा निरोप्या आईशी लग्न होण्याची त्याची भीती घालवायला जातो आणि त्याच्याच बोलण्यातून सगळं उघडं पडू लागतं. शेवटी ओयदिपौस राणीच्या वस्त्रावरच्या पिना उपसून स्वतःचे डोळे फोडतो. दुःख अपोलोने आणलं, पण वार माझ्याच हाताचा, हे तो स्वतः सांगतो. त्याला नियतीच्या हातचं बाहुलं म्हणणाऱ्यांनी ही जागा पुन्हा वाचावी. पु. ल. देशपांड्यांनी हे नाटक मराठीत आणलंय, जरूर मिळवा.

डोळे फोडणं रंगमंचावर दिसत नाही. रक्तपात सहसा आत होई आणि निरोप्या बाहेर येऊन त्याचं असं वर्णन करी की काळजाचं पाणी व्हावं.

सगळ्यांनाच शिक्षा होते असंही नाही. युरिपिडीसची मेडिया पोटची मुलं मारून सूर्यदेवाच्या रथातून निघून जाते. तो रथ बहुधा यारीने वर उचलत. इ.स.पू. 431 च्या स्पर्धेत या नाटकाचा नंबर तिसरा, म्हणजे शेवटचा!

दुःख फार जवळचं झालं तर मात्र अथेन्सला सोसत नसे. पर्शियनांनी मायलेटस शहर उद्ध्वस्त केलं, त्यावर फ्रिनिकसने नाटक केलं. अख्खं प्रेक्षागृह रडलं. नाटककाराला दंड झाला 1000 द्राख्मांचा, आणि नाटकावर बंदी.

एस्किलसच्या मरणाची आख्यायिका तर त्याच्याच नायकाला शोभेल. वरून काहीतरी पडून मरशील, असं भाकीत होतं. म्हणून तो उघड्या आभाळाखाली बसला, आणि गरुडाने त्याच्या टकलाला खडक समजून त्यावर कासव सोडलं. सिसिलीतल्या गेला गावी तो गेला. त्याचा म्हणून सांगितला जाणारा समाधीलेख नाटकांचं नावही काढत नाही. त्यात आहे तो मॅरेथॉनच्या लढाईतला पराक्रम.