तारेची गुणगुण, गळकी वीज

ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर सॅमन धरताना डाउनरिगरची, म्हणजे वजन लावून आमिष खोल नेणाऱ्या साधनाची, स्टेनलेस तार गुणगुणते, ती तिच्यामागे उठणाऱ्या पाण्याच्या भोवऱ्यांमुळे. बोटीचा वेग बदला, सूर बदलेल. त्याच तारेवर उमटणारी बोटीची वीजगळती मात्र कानाला कळत नाही. ती ओळखायला व्होल्टमीटरच हवा.

सगळी उपकरणे बंद करा. मीटरचे काळे टोक बॅटरीच्या ऋण बाजूला, लाल टोक पाण्यात सोडलेल्या तारेला लावा. खाऱ्या पाण्यात बोटीला गंजापासून वाचवणारे जस्त आणि तारेचे पोलाद मिळून ०.५ ते ०.८ व्होल्ट दाखवतात, हे स्वाभाविकच. आता एकेक स्विच चालू करा. ज्या स्विचमुळे आकडा उडी मारेल, तिथली वायर तपासा. बोटीच्या तळातले पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाचा भिजलेला जोड सर्वांत आधी पाहावा. निम्मे झिजलेले जस्त चाचणीपूर्वीच बदला आणि त्याला रंग कधीही फासू नका.