आवाजाच्या चिपनं वाचलेली रेघ

माऊस आपण किती सरकलो एवढंच सांगतो. चित्र काढणाऱ्या हाताला त्याहून जास्त हवं असतं: पाटीच्या डाव्या कोपऱ्यात लेखणी टेकवली की पडद्याच्याही डाव्या कोपऱ्यातच बिंदू उमटला पाहिजे. अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशननं १९६४ साली हे साधलं. त्यांच्या टॅब्लेटच्या सव्वादहा इंची चौरसात आडव्या-उभ्या प्रत्येकी १,०२४ तांब्याच्या रेघा होत्या, म्हणजे दहा लाखांहून अधिक जागा ओळखता येत. ते यंत्र सामान्य घरांपर्यंत पोचलं नाही. ॲपलनं १९७९ मध्ये आपल्या ॲपल टू संगणकासाठी टॅब्लेट आणला, पण त्याची किंमत होती ६५० डॉलर.

ही हौस सामान्य घरांच्या आवाक्यात आणली ती कोआलापॅडनं. डेव्हिड थॉर्नबर्ग यांनी शाळांना परवडावं म्हणून तो मुळात रचला आणि १९८३ पासून ॲपल, अटारी, कमोडोर, आयबीएम अशा संगणकांसाठी तो मिळू लागला. किंमत ॲपलच्या टॅब्लेटपेक्षा खूपच कमी. चित्रांचा पृष्ठभाग जेमतेम चार इंच, वर दोन बटणं, सोबत साधी लेखणी. लेखणी नसली तर बोटही चाले.

स्वस्ताईचं रहस्य मला या यंत्राच्या रूपापेक्षा जास्त भुरळ घालतं. कोआलापॅडला वेगळं कार्ड लागत नसे. तो खेळांच्या पोर्टमध्येच लागे. कमोडोर ६४ मध्ये त्या पोर्टवरचे पॅडल, म्हणजे खेळांच्या फिरत्या मुठी, आणि त्यांच्याच जागी लागणारा कोआलापॅड वाचण्याचं काम सिड या ध्वनिनिर्मितीच्या चिपकडे होतं. त्यामुळे मुलानं काढलेली रेघ संगणकात शिरायची ती संगीताच्या चिपमधून! चिप सेकंदाला सुमारे दोन हजार वेळा दोन आकडे देई, आडवा आणि उभा, दोन्ही ० ते २५५ यांच्या दरम्यान. आकडे किंचित थरथरत, आणि लेखणी उचलताना दाब सुटू लागला की बिंदू भलतीकडे उडे. दाबानुसार रेघ जाड-बारीक होणं इथे नव्हतंच. ते सुख पुढे विद्युतचुंबकीय लेखण्यांनी दिलं. जपानच्या वॅकॉमनं त्यात टॅब्लेटच्या क्षेत्रातूनच ऊर्जा घेणारी, बिनबॅटरीची लेखणी रुळवली.

तरीही २५६ पायऱ्या अपुऱ्या नव्हत्या, कारण पडदाच तेवढा खडबडीत होता. सोबतचा कोआलापेंटर हा चित्रांचा प्रोग्राम १६० बाय २०० ठिपक्यांत काम करी. एकूण १६ रंग, पण चार बाय आठ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकटीत तीनच रंग आणि सगळ्या चित्राला मिळून एक पार्श्वभूमी. चेहऱ्याची कडा चौकटीच्या सीमेवर आली की रंग एकमेकांत घुसत. ज्यांनी हे सांभाळलं, त्यांनी चौकटी मनात ठेवून आकार योजले. रंगांची ती काटकसर मला खऱ्या चित्रकलेची शिस्त वाटते.

चित्र साठवायला ठिपक्यांचे ८,००० बाइट, रंगांचे १,००० आणि आणखी १,०००, पार्श्वभूमीचा एक आणि सुरुवातीच्या पत्त्याचे दोन, मिळून १०,००३ बाइट लागत. कमोडोरसाठी अजूनही चित्रं काढणारे हौशी कलाकार आजच्या संगणकावर रंगवून झाल्यावर याच ठेवणीत फाइल काढतात. तिचं नाव अजून कोआलाच आहे.