पहिले भिंग कोणते घ्यावे?

भीमा आणि अमरजा या दोन नद्यांच्या संगमाजवळ, कर्नाटकातील कलबुरगी जिल्ह्याच्या अफजलपूर तालुक्यात, गाणगापूर हे दत्तक्षेत्र वसलेले आहे. श्रीनृसिंहसरस्वतींच्या निर्गुण पादुकांच्या दर्शनासाठी महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातून येथे बारा महिने यात्रेकरू येतात. माध्यान्हीच्या सुमारास गावात एक विलक्षण दृश्य दिसते. खांद्याला झोळी अडकवलेली माणसे निदान पाच घरी मधुकरी मागत फिरत असतात. त्यांत गरीब असतो, तसाच चांगला सुखवस्तू गृहस्थही असतो. दत्तमहाराज रोज दुपारी कोणत्या ना कोणत्या रूपाने येथे भिक्षेला येतात, अशी भाविकांची श्रद्धा आहे. म्हणून मागणाऱ्याला कमीपणा वाटत नाही आणि वाढणाऱ्याला गर्व होत नाही.

असे दृश्य पाहिले की ज्याच्या हाती कॅमेरा आहे त्याचा हात शिवशिवू लागतो. छायाचित्रणाचा छंद लागलेले विद्यार्थी हल्ली पुष्कळ आहेत. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या भिंगाने वर्षभर चित्रे काढली की त्यांच्या मनात एक प्रश्न हटकून येतो. आता दुसरे भिंग घ्यावयाचे, आणि तेही ज्याला ‘प्राइम’ म्हणतात ते. पण त्यांतले नेमके कोणते? पैसे थोडे असतात, बहुधा वडिलांकडून मागून घेतलेले असतात, आणि दुकानात भिंगांची रांग लागलेली असते. या प्रश्नाचा उलगडा शक्य तितक्या सोप्या रीतीने करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्राइम म्हणजे काय?

विज्ञानाच्या तासाला आपण एक प्रयोग केलेला असतो. बहिर्गोल भिंग खिडकीसमोर धरावयाचे, मागे पांढरा कागद धरावयाचा, आणि दूरच्या झाडाची स्पष्ट उलटी प्रतिमा कागदावर पडेपर्यंत तो मागेपुढे करावयाचा. त्या वेळी भिंग व कागद यांच्यामध्ये जे अंतर राहते, तेच भिंगाचे नाभीय अंतर. कॅमेऱ्याच्या भिंगावर ‘३५ मिमी’, ‘५० मिमी’ असे आकडे कोरलेले असतात ते याच अंतराचे. ज्या भिंगाचे नाभीय अंतर बदलता येते ते झूम, आणि ज्याचे एकच ठरलेले असते ते प्राइम.

छायाचित्रणाच्या इतिहासात फार मोठा काळ प्राइम भिंगांचाच आहे. कलबुरगी जिल्हा, म्हणजे तेव्हाचा गुलबर्गा, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) हे मोठ्या काचपट्ट्यांवर चित्रे घेत. चौकट लहानमोठी करावयाची तर कॅमेरा तिपाईसह उचलून पुढेमागे न्यावा लागे, नाही तर भिंगच बदलावे लागे. जर्मनीत १९२५ साली लायका नावाचा चिमुकला कॅमेरा बाजारात आला, त्यालाही ५० मिमीचे एकच भिंग पक्के बसवलेले होते. हेन्री कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने १९४८ साली गांधीजींच्या अंत्ययात्रेची चित्रे घेतली. त्याचे आयुष्यभराचे बहुतेक काम ५० मिमीच्या भिंगावर झाले. साध्या ३५ मिमी फिल्मच्या कॅमेऱ्यासाठी झूम भिंग विक्रीला आले ते १९५९ साली. तेव्हा प्राइम ही काही नवी चैन नव्हे. जुनीच रीत आहे.

प्रकाशाचा हिशेब

झूम हाताशी असताना प्राइम का घ्यावे? पहिले कारण प्रकाशाचे.

गाणगापूरच्या मठात पादुकांचे दर्शन एका लहान झरोक्यातून घ्यावे लागते. झरोका मोठा असता तर आतील प्रकाश अधिक दिसला असता, हे सांगावयास नको. भिंगातही असाच एक झरोका असतो. त्याला छिद्र म्हणू. नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की जो आकडा येतो तो ‘एफ’चा आकडा. म्हणून एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. कॅमेऱ्याबरोबर मिळणारे १८ ते ५५ मिमीचे झूम भिंग ५० मिमीच्या आसपास नेले, की त्याचे छिद्र फार तर एफ/५.६ इतके उघडते. म्हणजे व्यास सुमारे ९ मिमी. ५० मिमीचे साधे प्राइम एफ/१.८ पर्यंत उघडते; म्हणजे व्यास सुमारे २८ मिमी. व्यास तिपटीहून थोडा अधिक झाला, म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ दहापट झाले. तितकाच अधिक प्रकाश आत येतो.

याचा व्यवहारातील अर्थ पाहा. सायंकाळी संगमाच्या घाटावर कोणी पणती लावीत आहे. झूमने चित्र घेण्यास शटर १/८ सेकंद उघडे ठेवावे लागत असेल, तर प्राइमने १/८० सेकंद पुरते. १/८ सेकंदात हात हलतो, वात हलते, माणूसही हलतो, आणि सारे चित्र धुरकट होते. १/८० सेकंदात हाताचा कंप बहुतांशी लपतो. विजेचा झगझगाट न करता, समोरच्या माणसाचे ध्यान न मोडता चित्र मिळते.

मात्र मोठ्या छिद्राची किंमतही द्यावी लागते. ५० मिमीचे भिंग एफ/१.८ वर ठेवून दीड मीटरवरील चेहऱ्याचे चित्र घेतले, तर जेमतेम सहा-सात सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. डोळे स्पष्ट आले, तर कान पुसट होतात. पार्श्वभूमी अशी विरघळली की नवशिक्याला फार आनंद होतो, आणि तो प्रत्येक चित्र तसेच काढू लागतो. परंतु गाणगापुरातील म्हातारीचे चित्र घेतले आणि तिच्यामागचा औदुंबर, घाट, झोळी सारेच विरघळले, तर ते चित्र कोणत्याही गावचे होईल. छिद्र मोठे उघडता येते म्हणून नेहमीच उघडावे असे नाही.

किती मिलिमीटर?

आता मुख्य प्रश्न. येथे भिंगाआधी कॅमेऱ्याची चौकशी केली पाहिजे. प्रकाश टिपणारी जी पट्टी कॅमेऱ्यात असते, तिला सेन्सर म्हणतात. मोठ्या, महाग कॅमेऱ्यांत ती ३६ × २४ मिमी असते. तिला ‘फुल फ्रेम’ म्हणतात. विद्यार्थ्यांच्या हाती बहुधा असणाऱ्या कॅमेऱ्यांत ती सुमारे २३.५ × १५.६ मिमी असते. काही कंपन्यांची याहून किंचित लहान असते. पट्टी लहान म्हणून भिंगाने पाडलेल्या प्रतिमेचा मधलाच भाग टिपला जातो, आणि भिंग अधिक ‘लांबचे’ असल्यासारखे वाटते. म्हणून अशा कॅमेऱ्यावर ५० मिमीचे भिंग फुल फ्रेमवरील ७५ मिमीसारखे दिसते, आणि ३५ मिमीचे सुमारे ५२ मिमीसारखे. जुन्या पुस्तकांत ‘५० मिमी म्हणजे सहज नजरेचे भिंग’ असे लिहिलेले असते, ते फुल फ्रेमला उद्देशून. लहान पट्टीच्या कॅमेऱ्यावर ती जागा ३५ मिमी घेते. पुष्कळांची फसगत होते ती इथेच.

माझीही झाली. स्वस्त म्हणून मी ५० मिमी घेतले आणि दुपारी एका अरुंद बोळात उभा राहिलो. समोरच्या दारात एक आजी मधुकरी वाढीत होत्या. त्या, त्यांचा उंबरा आणि झोळी पुढे करून उभा असलेला मनुष्य, असे सारे मला हवे होते. मी मागे सरत गेलो, तो पाठ समोरच्या भिंतीला टेकली. चौकटीत आजींचा चेहरा आणि भाकरी धरलेला हात एवढेच मावले. उंबराही गेला आणि मागणाराही गेला.

घरी येऊन गणित केले, ते आधी करावयास हवे होते. १.७ मीटर उंचीचा मनुष्य, कॅमेरा उभा धरून, पायापासून डोक्यापर्यंत चौकटीत बसवावयाचा, तर लहान पट्टीच्या कॅमेऱ्यावर ५० मिमीच्या भिंगाला साडेतीन मीटरहून अधिक अंतर लागते. ३५ मिमीला अडीच मीटर पुरते. २४ मिमीला पावणेदोन मीटर. आपल्या घरातील खोली बहुधा तीन मीटरांची. म्हणजे घरात, बोळात आणि सोप्यात ५० मिमीची कुचंबणा होते, आणि ३५ मिमी मोकळेपणाने वावरते.

याचा अर्थ ५० मिमी वाईट, असा मुळीच नाही. ज्याला मुख्यतः चेहरे टिपावयाचे आहेत त्याला ते उत्तम. दीड मीटरवरून डोके व खांदे नीट बसतात, आणि चेहरा बिघडत नाही. २४ मिमीने तेवढाच चेहरा भरावयाचा म्हटले, तर पाऊण मीटरपर्यंत जवळ जावे लागते. त्या अंतरावरून नाक मोठे आणि कान लहान दिसू लागतात. हा दोष भिंगाचा नव्हे, फाजील जवळिकीचा आहे. घाट, नदीचे पात्र, यात्रेतील गर्दी यांची ओढ असेल तर मात्र २४ मिमी कामाचे.

निवड कशी करावी?

एक बिनखर्चाची युक्ती सांगतो. आपल्या जवळच्या झूम भिंगाचे कडे ३५ वर फिरवून त्यावर चिकटपट्टी लावावी, आणि एक आठवडा त्याच आकड्यावर सर्व चित्रे घ्यावीत. पुढच्या आठवड्यात पट्टी ५० वर लावावी. कोठे मागे भिंत लागली, कोठे फार जवळ जावे लागले, हे वहीत टिपून ठेवावे. शिवाय प्रत्येक चित्राबरोबर ते किती मिलिमीटरवर घेतले याची नोंद कॅमेरा स्वतःच करून ठेवतो. वर्षभरातील आवडती शंभर चित्रे काढून ते आकडे मोजले, की आपली नजर कोठे रमते हे आपोआप कळते. दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षा हा सल्ला खरा. ज्यांना एवढे करूनही निर्णय होत नाही, त्यांनी लहान पट्टीच्या कॅमेऱ्यासाठी ३५ मिमी एफ/१.८ किंवा एफ/२ आणि फुल फ्रेमसाठी ५० मिमी एफ/१.८ घ्यावे, असे माझे मत आहे.

घेताना दोन-तीन गोष्टी पाहाव्यात. भिंगाची बैठक आपल्या कॅमेऱ्याला जुळते ना, हे प्रथम. एकाच कंपनीच्या जुन्या व नव्या कॅमेऱ्यांच्या बैठकी वेगळ्या असू शकतात. काही जुन्या भिंगांत फोकस करणारी मोटर नसते, आणि साध्या कॅमेऱ्यातही ती नसली तर फोकस हातानेच करावा लागतो. वापरलेले भिंग स्वस्त मिळते, पण ते उजेडासमोर धरून पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे. ते घेऊ नये. आणि १.८ चे भिंग मिळत असता १.४ च्या मोहाने दुप्पट-तिप्पट पैसे घालू नयेत. प्रकाशात पडणारा फरक दुपटीहूनही कमी असतो.

ज्यांच्याजवळ केवळ मोबाइल आहे, त्यांनी हिरमुसून जाऊ नये. मोबाइलचे मुख्य भिंग बहुधा एकाच नाभीय अंतराचे, म्हणजे प्राइमच असते. पडद्यावर दोन बोटांनी चित्र मोठे करतो तेव्हा बहुधा आपण चित्राचा मधला भाग कापून ताणत असतो, इतकेच. ती दोन बोटे आवरून दोन पावले पुढे टाकली, तर पहिले प्राइम भिंग आपल्या खिशातच आहे असे आढळेल.

पावलांचे भिंग

आता शेवटची गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. भिंग निवडताना आपण केवळ मिलिमीटर निवडीत नाही. आपण समोरच्या माणसापासून किती अंतरावर उभे राहणार, हे निवडत असतो. लांब पल्ल्याचे झूम घेऊन रस्त्याच्या पलीकडून कोणाचेही चित्र त्याच्या नकळत टिपता येते. ३५ मिमी घेतले की ते साधत नाही. अडीच मीटरवर जावे लागते, त्या अंतरावर तो मनुष्य आपल्याला पाहतो, आपण त्याला पाहतो, आणि तोंड उघडून विचारणे भाग पडते: “काका, फोटो काढू का?”

गाणगापुरात तर हे विचारणे अधिकच अगत्याचे आहे. शरीराने वा मनाने गांजलेली कितीतरी माणसे येथे बरे होण्याच्या आशेने आणली जातात. आरतीच्या वेळी त्यांतील काही जण ओरडतात, अंग टाकून देतात. परक्यांना ते दृश्य ‘चांगले चित्र’ वाटते. ज्याचा तो मुलगा किंवा जिची ती बहीण असेल, त्याला काय वाटत असेल? जो विचारले असता हो किंवा नाही म्हणण्याच्या स्थितीत नाही, त्याचे चित्र घेऊ नये. मठात आणि देवळांत तेथील लोकांच्या परवानगीवाचून कॅमेरा काढूच नये.

त्या बोळात मी नंतर ३५ मिमी घेऊन पुन्हा गेलो. आजींना विचारले. त्यांनी होकार दिला. पण झोळी घेतलेल्या गृहस्थांनी हात जोडून नको म्हटले. मी कॅमेरा खाली केला. ते चित्र माझ्याजवळ आजही नाही. पण ‘दुपारी येणारा कोण असेल हे कुणी सांगावे?’ असे मानणाऱ्या गावात, त्या मनुष्याचा शब्द राखला गेला याचे मला समाधान आहे.

तेव्हा, विद्यार्थी मित्रहो, पहिले भिंग स्वस्त असावे, एकाच आकड्याचे असावे, आणि आपल्याला माणसाजवळ नेऊन त्याला विचारावयास लावणारे असावे. ते हाती आले की वर्षभर दुसऱ्या भिंगाचे नाव काढू नये.